रात्रपाळीच्या मावशींची नोंद

(दृश्य: ठाणे स्थानक, रात्रीची वेळ. फलाटावरून लोकल निघून जाते.)

या चित्रफितीत बालगृहातल्या एकाही मुलाचा चेहरा दिसणार नाही, कारण अशा मुलांची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 ने मनाई केली आहे. दिसतील ते हात काळजीवाहकांचे आहेत. नियमांत त्यांना गृहमाता किंवा गृहपिता म्हटले आहे, मुले मात्र त्यांना मावशी आणि दादा म्हणतात.

ठाणे किंवा कल्याण स्थानकात एकटे सापडलेले मूल, प्रवासाचा वेळ वगळून, 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीच्या आदेशाने ते बालगृहात पोहोचले की अधीक्षक, परिवीक्षा अधिकारी आणि समुपदेशक यांचे काम सुरू होते. पण रात्री दोन वाजता ते दचकून उठते, अंथरूण ओले झाले म्हणून थरथरते किंवा कारण न सांगता शेजारच्या मुलाला मारू लागते, तेव्हा खोलीत फक्त मावशी असतात. अंथरूण ओले होणे ही भीतीची खूण असू शकते, अत्याचार सोसलेले मूल अंगाला अचानक हात लागल्याने बिथरू शकते, आणि त्याने विश्वासाने सांगितलेली लैंगिक अत्याचाराची गोष्ट पोटात ठेवता येत नाही, कारण पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे सारे शिकावे लागते. नुसत्या मायेने ते येत नाही.

(दृश्य: बालगृहाची कचेरी. भिंतीवर चौकटीत लावलेले नोंदणी प्रमाणपत्र.)

भिंतीवरचे हे प्रमाणपत्र संस्थेचे आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 41 नुसार प्रत्येक बालसंगोपन संस्थेची नोंदणी सक्तीची असून ती पाच वर्षांसाठी असते. विनानोंदणी संस्था चालवणाऱ्यास कलम 42 खाली एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुलांजवळ रात्र काढणाऱ्या व्यक्तीची मात्र अशी स्वतंत्र व्यावसायिक नोंदणी आपल्या देशात नाही. विशेष शिक्षकांना भारतीय पुनर्वास परिषदेकडे आणि परिचारिकांना परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. काळजीवाहकांसाठी तशी कोणतीही वैधानिक परिषद नाही.

केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत शंभर मुलांच्या संस्थेसाठी एकूण 25 पदांचा आराखडा दिला आहे आणि त्यांत गृहमाता किंवा गृहपिता यांची पदे चार आहेत. केवळ दोन पाळ्या धरल्या, तरी एका वेळी एकीच्या वाट्याला पन्नास मुले येतात. शिवाय साप्ताहिक सुट्टी, आजारपण आणि घरची अडचण यांचा हिशेब या आकड्यात धरलेलाच नाही.

(दृश्य: पनवेलकडे जाणारा रस्ता, पहाट.)

2011 मध्ये पनवेलच्या एका निवासी संस्थेत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींवरील अत्याचार उघडकीस आले आणि 2013 मध्ये न्यायालयाने संस्थेतल्याच माणसांना दोषी ठरवले. अशा गुन्ह्यांना कायद्यात कठोर शिक्षा आहेत. मात्र गुन्हा सिद्ध होण्याआधीच्या आणि शिक्षा भोगून झाल्यानंतरच्या काळाचे काय, हा प्रश्न उरतो. कलम 82 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा केल्याचा दोष सिद्ध झालेल्या कर्मचाऱ्याला नोकरीतून काढता येते आणि पुढे मुलांसोबत थेट काम करण्यास त्याला मनाई होते. ही मनाई उत्तम आहे. परंतु तोच माणूस उद्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात अर्ज घेऊन उभा राहिला, तर तिथल्या अधीक्षकांनी उघडून पाहावे असे नोंदपुस्तक कुठे आहे? आणि तक्रार होताच ज्याचा राजीनामा गुपचूप घेतला गेला, त्याच्यावर तर ही मनाईही लागत नाही.

स्कॉटलंडमध्ये 2001 साली स्थापन झालेल्या सामाजिक सेवा परिषदेकडे निवासी बालसंगोपनातील कर्मचाऱ्यांना नोंदणी करावी लागते, ठरलेल्या मुदतीत पात्रता मिळवावी लागते, आणि गंभीर गैरवर्तन सिद्ध झाल्यास नाव नोंदीतून काढले जाते. आयर्लंडनेही नोव्हेंबर 2023 मध्ये सामाजिक काळजी क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची वैधानिक नोंदवही खुली केली.

(दृश्य: सकाळ. पाळी बदलताना दोन मावशी नोंदवहीवर वाकून बोलत आहेत.)

अशी पद्धत इथे आणताना एक धोका आम्हाला फार जाणवतो. वीस वर्षे मुले सांभाळलेली, पण शाळा अर्ध्यात सुटलेली बाई इंग्रजी प्रश्नपत्रिकेमुळे बाहेर फेकली गेली, तर मुलांचेच नुकसान होईल. म्हणून प्रशिक्षण मराठीत, कामाच्या जागी आणि पगारी वेळेत व्हावे, परीक्षा प्रत्यक्ष कामाची असावी आणि जुन्या अनुभवाला त्यात गुण मिळावेत. कंत्राटावर असलेल्या कर्मचाऱ्यांनाही हेच लागू व्हावे, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर पगार वाढला नाही तर ते घेण्याचा आग्रह कोणत्या तोंडाने धरायचा?

सुरुवात करण्यासाठी संसदेच्या नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. बालगृहांचे व्यवस्थापन, देखरेख आणि सेवांचा दर्जा नियमांद्वारे ठरवण्याचा अधिकार कलम 50 ने राज्य सरकारला दिला आहे. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम 2018 पासून आहेत आणि प्रशिक्षणाची व नोंदणीची अट त्यांतच घालता येईल.