घरच्यांच्या तारणाची काळजी

श्रोतेहो, नमस्कार.

प्रार्थनासभेत विनंत्या सांगायची वेळ आली की आजारपण, नोकरी, मुलांच्या परीक्षा असं सगळं होऊन जातं. मग शेवटी कुणीतरी खालच्या आवाजात म्हणतं, "आमच्या आईच्या तारणासाठी." म्हणजे तिने प्रभू येशूवर विश्वास ठेवावा आणि तिचा उद्धार व्हावा म्हणून. कुणाचा नवरा असतो, कुणाचा थोरला भाऊ. कुणाचा मुलगा असतो, लहानपणी चर्चच्या संडे स्कूलला जाणारा आणि आता देवाचा विषय काढला की फोन आवरता घेणारा. वर्षानुवर्षं तीच नावं घेतली जातात. ज्यांच्या घरात अशी नावं आहेत, त्यांच्याशी मला आज बोलायचं आहे.

पहिली गोष्ट ही की खुद्द येशूच्या घरात हे होतं. त्याचे भाऊही त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, असं योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात सरळ लिहून ठेवलंय. एका घरात वाढलेले, एका पंगतीला जेवलेले भाऊ! पुनरुत्थानानंतर मात्र तेच भाऊ माडीवरच्या खोलीत मरीयेबरोबर प्रार्थनेला बसलेले दिसतात. मधल्या काळात येशूने त्यांना धाक घातला, नातं तोडलं, असं शुभवर्तमानांत कुठेही नाही.

आपल्याकडे या विषयावर बोलताना टिळकांचं घर आठवल्याशिवाय राहत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, घेतला. बातमी कळली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. आपल्या लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपुरात. आपण विश्वासात आलो की 'घरच्यांना समजत नाही' असं म्हणून मोकळे होतो. पण त्या बाईचं काय काय तुटलं असेल ते बघा. नवरा जिवंत, आणि संसार नाही. सोयरेधायरे हळहळणार, तीही कीव करत. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, त्या हिंदू म्हणूनच. सोवळं कडक, स्वयंपाक वेगळा, पाणीही वेगळं. एका छपराखाली दोन चुली! टिळक स्वभावाने तापट, पण बायकोचं सोवळं त्यांनी सांभाळू दिलं. जातिभेद देवाने केलेला नाही, हे पुढे लक्ष्मीबाईंच्या मनाने घेतलं ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे येशूच्या जीवनावरचं काव्य पुढे त्यांनीच लिहीत नेलं. ढकलून आणलेल्या माणसाच्या हातून असं काम होत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

पुढे चर्चचा मोठा विचारवंत झालेला ऑगस्टीन तरुणपणी विश्वासापासून दूर होता. त्याची आई मोनिका हिने तर मुलासाठी कित्येक वर्षं डोळ्यांतून पाणी काढलं. तिने एका बिशपांना गळ घातली की तुम्ही त्याच्याशी वाद घालून त्याला पटवा. बिशपांनी नकार दिला. त्याला सध्या आहे तसा राहू द्या, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल, तुम्ही प्रार्थना करा, असं ते म्हणाले. इसवी सन ३८७ मध्ये मिलानला ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी मोनिका वारली.

आता आपल्या घरातलं. गणपतीत माहेरी जायचं की नाही, हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या विश्वासी मुलीला पडतोच. आरतीला उभं राहायचं नसेल तर तसं आईला आधीच, एकटीला गाठून, गोडीने सांगावं. ऐन आरतीच्या वेळी तोंड फिरवून आतल्या खोलीत जाऊ नये. आणि जावं जरूर. सकाळपासून ओट्याशी उभ्या असलेल्या आईच्या हाताखाली नारळ खवून द्यावा, पाहुण्यांची भांडी घासावीत. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्रात विश्वासी बायकांना सांगतो की वचन न मानणारा नवरा तुमचं वागणं बघून, एक शब्दही न बोलता, जिंकला जाईल. एक शब्दही न बोलता! आपण मात्र जेवणाच्या ताटावरसुद्धा साक्ष देत, आपल्या विश्वासाबद्दल सांगत बसतो आणि आईच्या गुडघ्याचं दुखणं विचारायचं राहून जातं. कुणी आपणहून विचारलं तर जरूर सांगा, मनापासून सांगा.

एक प्रश्न मात्र फार जड आहे. "वडील गेले. त्यांनी शेवटपर्यंत प्रभूला मानलं नाही. आता ते कुठे असतील?" हा प्रश्न विचारणाऱ्याला 'काळजी करू नका' म्हणून वाटेला लावणं मला जमत नाही. प्रेषित पौलालासुद्धा विश्वास न ठेवणाऱ्या आपल्या भाऊबंदांसाठी अखंड वेदना होती, ते त्याने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात सांगितलंय. पण येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराचं तारण अगदी शेवटच्या घटकेला झालं, आणि कुणाच्या शेवटच्या घटकेला मनात काय चाललंय ते उशाशी बसलेल्यालाही कळत नाही. अब्राहामाने देवालाच विचारलं होतं, सगळ्या जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही का? मी त्या प्रश्नाला धरून राहतो. म्हणून मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, भावाबहिणींना माझी कळकळीची विनंती आहे: अशा घरी सांत्वनाला जाल, तेव्हा गेलेल्या माणसाचा निकाल देऊन येऊ नका. त्यांच्या वडिलांबद्दल विचारा, काय करायचे, काय आवडायचं ते ऐका, आणि घरच्यांची हरकत नसेल तरच प्रार्थना करा.

नमस्कार.