नंदी सर कुठे गेले?

(पंचवटीत पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. फळ्यावर विषय लिहिलाय 'लहान मुलांची भाषा आणि आपण'. तिकडे येतेच मी, पण आधी एक गोष्ट सांगू द्या. ती सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलताच येत नाही.

नातू तेव्हा चार वर्षांचा होता. रविवारी सकाळी त्याला घेऊन गंगेवर गेले. बाहेरगावच्या सुना-जावयांसाठी सांगते, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. पायऱ्या चढून कपालेश्वराला गेलो. आमच्या घराजवळच्या महादेवाच्या देवळात नंदीच्या कानात काहीतरी पुटपुटल्याशिवाय हा पुढे सरकत नाही. इथे आल्या आल्या शोधाशोध सुरू. "आजी, नंदी कुठे गेला?"

आता कपालेश्वरासमोर नंदी नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी कथा सांगितली. महादेवाला पातक लागलं होतं, ते रामकुंडात धुऊन निघेल हे नंदीनं सांगितलं, म्हणून महादेवानं त्याला गुरू मानलं आणि समोर बसू नकोस म्हणाला. "गुरू म्हणजे काय?" "गुरू म्हणजे शिकवणारे. तुमच्या शाळेत सर असतात ना, तसे." एवढ्यावर तो गप्प झाला. मला वाटलं, विसरला.

खाली उतरलो, तर भाजीवाल्यांच्या कडेला एक भला थोरला बैल रवंथ करत बसलेला. हा थबकला. हात बाजूला सरळ केले, टाचा जुळवल्या आणि वर्गात म्हणतात त्याच सुरात म्हणाला, "गुऽऽड मॉर्निंग, सऽऽर!" बैलानं कान हलवला. "सर हो म्हणाले," असं मला सांगून गडी पुढे चालू लागला.

हसा, हसा. मीही हसले, मेथीची जुडी बांधणारी मावशी तर पदर तोंडाला लावून हसत होती. त्या हसण्याचं त्याला काहीच वाटलं नाही. बिघडलं ते संध्याकाळी. घरी पाहुणे आले, कोणीतरी हा किस्सा सांगितला आणि सुरू झालं, "अरे, म्हणून दाखव ना! बैलाला काय म्हणालास? काकांना दाखव!" मोबाईल समोर धरला. तो दाराच्या पडद्यात शिरला, तो जेवायलाच बाहेर आला. पुढच्या रविवारी बैल तिथेच बसलेला होता. त्यानं बैलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझं बोट घट्ट धरलं आणि काही न बोलता पुढे गेला.

मंडळी, अठ्ठावीस वर्षं मी बालवाडी चालवली. या एका गोष्टीचा मला राग येतो, तो अजून गेलेला नाही. नंदी गुरू, गुरू म्हणजे सर, सरांना गुड मॉर्निंग म्हणायचं. यात चूक कुठे आहे? ते मूल विचार करत होतं आणि आपण त्याचा खेळ लावला.

पावसाळ्यातलं एक सांगते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पूर मोजतो, कमरेला लागलं, छातीला लागलं. वर्गातली एक चिमुरडी मला म्हणाली, "ताई, मारुतीची आई त्याला पाण्यातून बाहेर ये म्हणत नाही का?" मी दुसऱ्या दिवशी... बरं, राहू द्या. चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत आणि मुख्य मुद्दा अजून बाकी आहे.

तर पटकन. तुमचं मूल दोन-अडीच वर्षांचं असताना "मी केलं" म्हणायचं आणि आता "मी करलं" म्हणतं. आया घाबरून येतात, "ताई, हा मागे चाललाय." अहो, पुढे चाललाय! आधी तो तुमचं ऐकून म्हणत होता. आता त्याला नियम सापडलाय. धर-धरलं, भर-भरलं, मग कर-करलं. 'करलं' त्याला कोणी शिकवलेलं नाही, ते त्याचं स्वतःचं आहे. मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या जीन बर्को यांनी 1958 मध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला एक बनावट नाव दिलं आणि असे दोन असले तर काय म्हणाल, असं विचारलं. शब्द आयुष्यात कधी ऐकलेला नाही, तरी बहुतेकांनी त्याचं अनेकवचन बरोबर केलं.

"मी उद्या मामाकडे गेलो होतो" याला हसता ना? आपण मोठी माणसं 'परवा' हा एकच शब्द मागच्या दिवसाला वापरतो आणि पुढच्यालाही. मग त्यानं 'उद्या' तसाच वापरला तर काय बिघडलं? दोन पोळ्या हव्यात म्हणून रडणारं मूल एकाच पोळीचे दोन तुकडे केले की खूश होतं. त्या वयात जास्त म्हणजे आकड्यानं जास्त. सहा-सात वर्षांचं झालं की ते स्वतःच तुम्हाला पकडेल.

मग करायचं काय? "करलं नाही, केलं म्हण" असं टोकू नका. "हो का, तू केलंस? कसं केलंस?" एवढं म्हणा. बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं आणि गप्पाही तुटत नाहीत. हसू आलं तर त्याच्याबरोबर हसा, पण पुन्हा म्हणून दाखवायला लावू नका. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डी या गावी गेल्या. मुलं बालवाडीत येत नव्हती, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. आपल्याला तर मुलासाठी पाड्यावरही जायचं नाही, स्वयंपाकघरात ओट्याखाली बसलेलंच असतं ते.

वेळ संपली. दारापाशी टेबलावर मी एक जाड वही ठेवली आहे. तुमच्या घरात या आठवड्यात जे वाक्य ऐकलं असेल ते जाताना तिच्यात लिहा. मुलाचं वय लिहा, नाव नको. आणि हात जोडून सांगते, वाक्य शुद्ध करू नका. 'करलं' असेल तर 'करलं'च लिहा.