ऑपरेशननंतरचा मंगळवार

मागे उभे आहेत त्यांनी पुढे सतरंजीवर या, संकोच नको. आज बोलायचंय ते अवयव प्रत्यारोपणाची नवी केंद्रं अनुभवी हॉस्पिटलच्या मदतीनं कशी उभी करायची याबद्दल.

आधी एक विचारतो. अवयवदानाचा फॉर्म किती जणांनी भरलाय? वा, बरेच हात आहेत. आता, तो भरल्याचं घरी किती जणांनी सांगितलंय? बघा, निम्मे हात खाली! शेवटी संमती घरच्यांनाच विचारतात, तेव्हा आज जेवताना सांगून टाका.

ग्रीन कॉरिडॉरचं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहेच. नाशिकहून पुण्याला अवयव नेणाऱ्या अँब्युलन्ससाठी सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असा मोकळा केलेला रस्ता. पोलिसांचं आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचं मला मनापासून कौतुक आहे, कारण काढलेलं हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत चालू व्हावं लागतं. पण अवयव एकदाच जातो. पेशंटला मात्र तपासणीसाठी आयुष्यभर खेपा घालाव्या लागतात, सुरुवातीला तर आठवड्यातून दोनदा. नाशिकमध्ये किडनी प्रत्यारोपण होतं. पण सुरगाण्याच्या, नंदुरबारच्या मजुरानं यकृतासाठी किती वर्षं मुंबई-पुण्याचे हेलपाटे घालायचे? म्हणून नवी केंद्रं हवीत. प्रश्न आहे तो ती उभी कशी करायची याचा.

एका शहरातलं सांगतो, नाव घेत नाही. थिएटर देखणं, मशिनं नवी, उद्घाटन थाटात. सर्जन शनिवारी बाहेरून यायचे आणि रविवारी परत जायचे. हात उत्तम होता त्यांचा. एका तरुण मुलाला किडनी बसवली, लघवी सुरू झाली, पेढे वाटले. मंगळवारी रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीचं काम बिघडत होतं. शरीर किडनी नाकारतंय, की ती नाकारू नये म्हणून दिलेलं औषध, टॅक्रोलिमस, जास्त झालंय? दोन्हीत क्रिएटिनिन वाढतं आणि उपाय उलटे: एकात औषध वाढवायचं, दुसऱ्यात कमी करायचं. औषधाची रक्तातली पातळी बघायची, तर नमुना कुरिअरनं मुंबईला. बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी करायची, तर किडनीची स्लाइड वाचणारा पॅथॉलॉजिस्ट गावात नाही. रात्रपाळीच्या सिस्टरनं थोडा ताप नोंदवला होता, पण अशा पेशंटच्या थोड्या तापालाही रात्रीच फोन करायचा असतो, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. रिपोर्ट येईपर्यंत किडनी गेली. आईनं दिलेली होती ती. त्या सिस्टरला लोकांनी बोल लावला, याचा मला आजही राग येतो.

१९५४ साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिली यशस्वी किडनी बसवली, ती एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. शिवण्याचं तंत्र आधीही होतं. भाऊ जुळे म्हणून शरीरानं ती नाकारली नाही. बाकीच्यांच्या बाबतीत खरं काम टाके घातल्यावर सुरू होतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मूळ विषय तर राहिलाच, भरभर सांगतो.

अनुभवी हॉस्पिटलनं नव्या केंद्राचा हात काही वर्षं धरायचा. किडनीतज्ज्ञांच्या आणि प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संघटना २०१४ पासून अशा जोड्या लावतात, टप्प्याटप्प्यानं, वर्षानुवर्षं. एकट्या सर्जननं शिकून भागत नाही. भूलतज्ज्ञ, आयसीयूच्या सिस्टर, पॅथॉलॉजिस्ट, समन्वयक सगळ्यांनी तिकडे राहून यायचं. पहिल्या शस्त्रक्रियांना तिकडच्या टीमनं इथे येऊन थांबायचं, पेशंट घरी जाईपर्यंत. सुरुवात जिवंत दात्याच्या सोप्या केसेसनी. दर आठवड्याला व्हिडिओवर बैठक, त्यात बिघडलेली केस आधी. औषधपातळीची तपासणी गावातच झाल्याशिवाय पहिली केस घ्यायची नाही.

ज्यांची एवढी तयारी नाही, त्यांनी नुसतं अवयव काढण्याचं केंद्र म्हणून नोंदणी करावी. अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीनं ती सोय झाली आहे. ब्रेन डेथची, म्हणजे मेंदू कायमचा थांबल्याची तपासणी सहा तासांच्या अंतरानं दोनदा, चार डॉक्टरांच्या मंडळानं करायची आणि नातेवाइकांशी नीट बोलायचं, एवढं आलं तरी मोठं काम होईल.

आणि पैसे? शिकवणाऱ्या डॉक्टर-सिस्टरचे दिवस ड्युटीत धरा, त्यांचा खर्च सरकारनं द्यावा. मोठ्या हॉस्पिटलची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. त्या वेळी विचारा, कुठल्या लहान केंद्राला उभं केलंत? ही मागणी लेखी करू या. कागद दाराशी ठेवलाय, सह्या करूनच जा.