वर्डची फाईल का पीडीएफ?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं बसस्टँड, अन् समोर हे टायपिंगचं दुकान. पीक नुकसानीचे अर्ज, ग्रामसभेचे ठराव, बचत गटांचे प्रस्ताव, आजूबाजूच्या गावांचं सगळं इथंच टाईप होते.

आता हा मोबाईल पाहा. बचत गटाच्या ताईंनी प्रस्ताव उघडला तं मराठी गायब, नुसती इंग्रजी अक्षरं अन् कंस-स्वल्पविराम. फाईल खराब नाही झाली बरं का. टायपिंग कृतिदेवमध्ये केलं होतं, त्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त मराठी आकार दिसते, मग मोबाईलमध्ये तो फॉन्टच नसला तं आकार येईल कुठून? युनिकोडमध्ये, म्हणजे मंगल वगैरे फॉन्ट घेऊन केलं असतं तं हा घोळच नसता, तिथं प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर असते अन् तो आजच्या सगळ्या मोबाईलला समजते.

दुसरा रस्ता पीडीएफचा. अडोबी कंपनीनं १९९३ मध्ये आणली, २००८ मध्ये आयएसओचं, म्हणजे जगभरासाठी मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, स्टँडर्ड झाली. तिच्यात फॉन्ट फाईलच्या आतच बसवता येते, म्हणून पान सगळीकडे सारखंच दिसते, टेबल हलत नाही, सहीची जागा सरकत नाही. पण कृतिदेववाल्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की पुन्हा तीच इंग्रजी अक्षरं, ते काही सुटत नाही.

अन् खरी अडचण पुढं आहे. ऑफिसात सांगतात, अध्यक्षांचं नाव बदलवून आणा. हातात फक्त पीडीएफ, दुकानातल्या कॉम्प्युटरवरची फाईल डिलीट झालेली, मग चार पानं पहिल्यापासून टाईप करा अन् पैसेही पुन्हा द्या! म्हणून टायपिंग झालं की डॉक्स (.docx) फाईल, म्हणजे वर्डची मूळ फाईल, मागून घ्याच, स्वतःच्या ईमेलवर टाकून घ्या, पैसे तुम्ही दिले तं फाईलही तुमचीच आहे. घरी वर्ड नसलं तरी चालते, लिब्रेऑफिस फुकट आहे, त्यात डॉक्स उघडते, कधी टेबल थोडं इकडंतिकडं होते तेवढं नजरेखालून घाला. दुरुस्ती डॉक्समध्येच करा अन् द्यायच्या वेळी नवीन पीडीएफ काढा.

सही-शिक्का झाल्यावर स्कॅन करून व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असलं तं डॉक्युमेंट म्हणून टाका. फोटो म्हणून टाकलं की व्हॉट्सअॅप त्याची साईज कमी करते, अन् शिक्क्यावरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.