दशावताराचा जुना अंगरखा धुवायचा की नाही?

नमस्कार मंडळी! समजा, सिंधुदुर्गातल्या एखाद्या दशावतारी मंडळाचा, म्हणजे कोकणातली पौराणिक लोकनाट्यं करणाऱ्या मंडळाचा, जुना अंगरखा संग्रहालयात द्यायचा ठरला. घरचे पटकन म्हणतील, "आधी स्वच्छ धुवून देऊया." माझं म्हणणं, जरा थांबा.

त्या अंगरख्याची गळपट्टी उलटून बघा. आत सफेदा आणि खोबरेलाचा चिकट थर. काखेत घामाची पिवळी कड. कमरेपाशी शिवण उसवून, वेगळ्याच दोऱ्यानं पुन्हा घातलेले टाके. नट तोंडाला रंग कशात कालवून लावायचे, एकाचा अंगरखा दुसऱ्याच्या मापाला कसा बसवला, हे सगळं त्यात आहे. धुतलं की त्यातलं बरंच कायमचं गेलं. पण घामातले क्षार कापड कमकुवत करतात, हेही खरं. म्हणून वस्त्रसंवर्धक आधी फोटो काढतात, नोंदी करतात, आतल्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून रंग सुटतो का बघतात. तरीही धुवायचं की नाही, हा निर्णय एकट्या संग्रहालयाचा नसावा, असं मला ठामपणे वाटतं. ज्यांनी तो अंगावर घालून रात्री जागवल्या, त्यांना विचारायलाच हवं.

काळ्या कपड्याची तऱ्हा आणखी वेगळी. जुना काळा रंग पुष्कळदा हिरडा आणि हिराकशीचा (हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार). हिराकशीतलं लोखंड वर्षानुवर्षं धागा खात राहतं. असं कापड नुसतं घडी घातल्यानंही तुटतं.

मग "एकदाच घालून फोटो काढू" हे तर नकोच. हॉलिवूडची अभिनेत्री मेरिलिन मन्रोनं १९६२ मध्ये घातलेला ड्रेस किम कार्दाशियन या अमेरिकन टीव्ही तारकेनं २०२२ च्या मेट गालाला, न्यूयॉर्कच्या फॅशन सोहळ्याला, घातला, तेव्हा संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं, आयकॉमनं, स्पष्ट सांगितलं: ऐतिहासिक कपडे कुणीही अंगावर घालू नयेत.

पण आपल्याकडे अडचण इथेच आहे. दशावताराचे कपडे ज्यात ठेवतात त्या पेटाऱ्याची पूजा होते. तो कपडा काचेआड, ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) मंद उजेडात ठेवला तर रंग टिकतील. पण उदबत्ती, कुंकू, देवाला घालायचं गाऱ्हाणं यांना तिथे जागा नाही. धूर आणि कुंकू कापडाला बाधतात, हे संवर्धकाचं म्हणणं बरोबरच आहे. मंडळाच्या लेखी मात्र पूजेविना पेटारा म्हणजे नुसती पेटी.

मला यातून एक वाट दिसते. पावसाळ्यात नाटकं बंद असतात, आणि कोकणातल्या दमट हवेत कापडाला बुरशी धरते तीही तेव्हाच. ते चार महिने जुने कपडे संग्रहालयाच्या कोरड्या खोलीत राहू देत. हंगाम सुरू होताना ते मंडळाकडे परत यावेत. नाचायला नवे कपडे शिवा. जुना अंगरखा फक्त पूजेपुरता पेटाऱ्यात ठेवा, कुंकू पेटाऱ्याच्या झाकणाला लावा. मालकी मंडळाचीच, आणि हे सगळं आधी कागदावर लिहून घ्या.

तुमच्या गावच्या मंडळाला हे पटेल का? त्यांना विचारा आणि खाली लिहा.