थांबा कुठे लागला, यावर सारं ठरतं

आज एकाच जनुकाबद्दल बोलणार आहे, बीटा-ग्लोबिनच्या. हिमोग्लोबिनमधली बीटा साखळी त्यावरून बनते, १४६ अमिनो आम्लांची. या जनुकात बिघाड झाला की बीटा-थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार होतो. त्यातला एक प्रकार नॉनसेन्स म्युटेशनचा, म्हणजे अवेळी 'थांबा' आणणाऱ्या बदलाचा. मजकुरातलं एक अक्षर बदलतं आणि जिथे अमिनो आम्लाचा कोडॉन (तीन अक्षरांचा शब्द) होता तिथे यूएए, यूएजी किंवा यूजीए यांपैकी एक उभा राहतो. हे तिन्ही 'थांबा' सांगणारे कोडॉन. संदेश वाचून प्रथिन बनवणारा रायबोसोम तिथपर्यंत येतो आणि अर्धवट साखळी सोडून देतो.

इथपर्यंत शाळेच्या पुस्तकात असतं. त्यावरून कुणालाही वाटेल की संदेशवाहक आरएनए (एमआरएनए, म्हणजे जनुकाची रायबोसोमकडे जाणारी प्रत) नेहमीइतकाच असणार, फक्त प्रथिन आखूड निघणार. प्रत्यक्षात तसं होत नाही. १९७९ साली चँग आणि कान यांनी कोडॉन १७ मधलं असं म्युटेशन थॅलेसेमियाच्या रुग्णात दाखवलं. त्याच वर्षी लोसाँ आणि लाक्रूट यांनी यीस्टमध्ये पाहिलं की नॉनसेन्स म्युटेशन असलेला एमआरएनए लवकर नष्ट होतो. म्हणजे प्रथिन तर अपुरं राहतंच, वर निरोपाचा कागदही पेशी फाडून टाकते. या यंत्रणेचं नाव नॉनसेन्स-मीडिएटेड डीके. आपण एनएमडी म्हणू.

आता प्रश्न असा, की हा थांबा अवेळी आलाय हे पेशीला कळतं कसं? अस्सल थांबाही त्याच तीन अक्षरांचा असतो!

उत्तर स्प्लायसिंगमध्ये आहे. केंद्रकात आरएनएमधले नको असलेले तुकडे (इंट्रॉन) कापून हवे असलेले (एक्झॉन) जोडले जातात, तेव्हा प्रत्येक जोडाच्या साधारण २० ते २४ अक्षरं अलीकडे प्रथिनांचा एक गठ्ठा बसतो, एक्झॉन जंक्शन कॉम्प्लेक्स. शिंपी कापड जोडताना आधी कच्चा दोरा घालतो आणि पक्की शिलाई झाली की तो काढून टाकतो, तसा हा कच्चा दोरा समजा. पहिला रायबोसोम जाताना वाटेतले गठ्ठे झटकत जातो. अस्सल थांबा बहुतेक जनुकांत शेवटच्या एक्झॉनमध्ये असतो, त्यामुळे तिथे पोचेपर्यंत एकही गठ्ठा उरत नाही. रायबोसोम थांबला आणि पुढे गठ्ठा शिल्लक आहे, तर काहीतरी चुकलंय. मग यूपीएफ१ हे प्रथिन तिथे येतं, एसएमजी१ त्याला फॉस्फेट लावतं, एसएमजी६ थांब्याजवळच आरएनए कापतं आणि तुकडे दोन्ही बाजूंनी खाल्ले जातात. ढोबळ नियम असा: थांबा शेवटच्या जोडाच्या ५० ते ५५ अक्षरांहून जास्त अलीकडे असेल, तर संदेश गेलाच म्हणून समजा.

हा नियम बीटा-ग्लोबिनवर लावून बघा. तीन एक्झॉन, दोन जोड. शेवटचा जोड कोडॉन १०४ च्या पुढे. सार्डिनियात बीटा-थॅलेसेमियाच्या बहुतांश रुग्णांत आढळतं ते कोडॉन ३९ चं म्युटेशन, सीएजीचा यूएजी. तिथून शेवटच्या जोडापर्यंत जवळजवळ दोनशे अक्षरं आहेत. संदेश नष्ट होतो. रुग्णाला दोन्ही पालकांकडून हे मिळालं तर गंभीर आजार, पण एकाच प्रतीत असेल तर माणूस वाहक म्हणून बहुधा ठणठणीत जगतो, कारण दुसरी प्रत काम भागवते.

आता कोडॉन १२१, जीएएचा यूएए. हा तिसऱ्या एक्झॉनमध्ये आहे, पुढे जोडच नाही. संदेश टिकतो आणि १२० अमिनो आम्लांची साखळी बनत राहते. ती अस्थिर असते, तांबड्या पेशी तयार होताना आतच गोळा होऊन साचते. म्हणून इथे एका प्रतीनेही माणूस आजारी पडू शकतो. जवळजवळ पूर्ण साखळी बनते, आणि त्रास जास्त! मला हा या सगळ्या विषयातला सर्वांत शिकवणारा भाग वाटतो. संदेश फाडून टाकणं म्हणजे पेशीने स्वतःचा केलेला बचाव आहे.

आणि कोडॉन १५? यूजीजीचा यूएजी, भारतातल्या रुग्णांत नेहमी तपासल्या जाणाऱ्या म्युटेशनांपैकी हे एक. शेवटचा जोड तिथून अडीचशेहून अधिक अक्षरं दूर, म्हणजे नियमाने संदेश जायला हवा. तो बऱ्यापैकी टिकतो! सुरुवातीच्या कोडॉनच्या अगदी जवळ थांबा असेल, तर आरएनएच्या शेपटीवरचं पॉली-ए बाइंडिंग प्रथिन वळसा घेऊन तिथे जवळच असतं आणि यूपीएफ१ ला वाव मिळत नाही, असं प्रयोगांतून दिसतं. तरी रुग्णाला फायदा शून्य, कारण हाती येतात जेमतेम चौदा अमिनो आम्लं. ती उपयोगी नाहीत आणि घातकही नाहीत.

एक गोष्ट घाईत सांगतो. काही जनुकांत नॉनसेन्स म्युटेशन स्प्लायसिंगच बिघडवतं. मार्फान सिंड्रोम या संयोजी ऊतींच्या आजाराच्या एका रुग्णाच्या फायब्रिलिन जनुकात असं झालेलं १९९३ मध्ये नोंदवलं गेलं. थांबा असलेला अख्खा एक्झॉनच गाळला गेला होता. त्यामुळे डीएनए वाचून एमआरएनएचं भाकीत करू नका, आरएनए मोजून बघा.

उपचारांत हीच अडचण समोर येते. रायबोसोमला खोटा थांबा ओलांडायला लावणारी औषधं शोधली गेली. जेंटामायसिनसारखी प्रतिजैविकं ते थोडंफार करतात. ड्युशेन स्नायुविकारासाठी अटालुरेनला २०१४ मध्ये युरोपात सशर्त परवानगी मिळाली होती, पुढे तिचं नूतनीकरण झालं नाही. ओलांडायला आधी संदेश तरी शिल्लक हवा. मग एनएमडीच बंद करावी का? यूपीएफ१ नसलेले उंदराचे भ्रूण गर्भातच दगावतात. ही यंत्रणा निरोगी जनुकांचे काही संदेशही आटोक्यात ठेवते, त्यामुळे ती सरसकट थांबवता येत नाही. किती काळ आणि किती प्रमाणात दाबली तर पेशीला सोसेल, यावर आता काम चालू आहे.