काना उमटत नाही

नमस्कार श्रोतेहो. आज मला तुमच्याशी एका बटणाबद्दल बोलायचंय. लॅपटॉपच्या कीबोर्डवर आकड्यांच्या खालची जी रांग असते ना, तिच्यात डावीकडून तिसरं अक्षर, इंग्रजी ई. तुम्ही इंग्रजी टाइप करत असाल तर तुमच्यासाठी ते ई आहे. मी मराठी टाइप करते, इनस्क्रिप्ट नावाच्या कीबोर्डच्या मांडणीने, आणि इनस्क्रिप्टमध्ये त्या जागी काना आहे. नुसतं दाबलं की काना, शिफ्टबरोबर दाबलं की आ. आता विचार करा, काना नसलेली मराठी कशी दिसेल. मामाचा मम होतो, बाबांचे बब होतात, आजीची नुसती जी उरते.

मी डोंबिवलीत राहते, घरूनच मराठी टायपिंगचं आणि पुस्तकांच्या मांडणीचं काम करते, 19 वर्षं झाली. कथासंग्रह, स्मरणिका, संस्थांचे अहवाल, आणि पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंक. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये असंच एका दिवाळी अंकाचं काम हातात होतं, 180 पानं, आणि लॅपटॉप घेऊन 14 महिने झाले होते. 52,000 चा लॅपटॉप, कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणारे ते एका कंपनीपुरतं नाहीच. तर एके दिवशी काना उमटेनासा झाला. म्हणजे सरसकट नाही, सरसकट बंद पडला असता तर निदान लगेच कळलं असतं. दहा वेळा दाबलं की आठ वेळा यायचा, एकदा यायचाच नाही आणि एकदा दोनदा यायचा. दोनदा आला की स्क्रीनवर टिंबाटिंबांचा तो गोल दिसतो, तो डोळ्याला खटकतो, आपण पुसतो. पण न आलेला काना दिसत नाही हो! काळ लिहिलं की कळ होतं, माळचं मळ होतं, वाटचं वट होतं, पाटचं पट होतं, आणि हे सगळे मराठीत चांगले नांदते शब्द आहेत, त्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही काही वावगं वाटत नाही. एका लेखिकेच्या आठवणीत "आमच्या घरचा कठीण काळ" असं होतं, त्याचं माझ्या हातून "कठीण कळ" झालं. पहिल्या प्रुफात अशा 41 चुका निघाल्या. संपादकबाई मला इतकी वर्षं ओळखतात, फोनवर एवढंच म्हणाल्या की बरं नाहीये का तुला. मला फार लागलं ते.

पाणी सांडलं नव्हतं, चहा सांडला नव्हता, लॅपटॉप पडला नव्हता. सर्व्हिस सेंटरला हे तीनदा सांगावं लागलं. तिथल्या मुलाने बटण दाबून पाहिलं आणि म्हणाला, मॅडम, कीबोर्ड वेगळा मिळत नाही, पूर्ण टॉप कव्हर बदलावं लागेल, 11,400 रुपये. वॉरंटी एका वर्षाची, ती दोन महिन्यांपूर्वी संपलेली. मी विचारलं, एक बटण आहे फक्त, बाकीची सगळी नीट चालतायत, तर तो म्हणाला सिस्टीममध्ये तसा पार्टच नाहीये. त्या मुलाची काही चूक नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर जे दिसत होतं तेच त्याने सांगितलं.

मग मी लोकल पकडून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले, ओळखीच्या रिपेअरवाल्या दादांकडे. त्यांनी माझ्यासमोर लॅपटॉप उघडला, आणि ते जे पाहिलं ते मला तुम्हाला नीट सांगायचंय, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी आपल्या लॅपटॉपचं पोट कधी पाहिलेलंच नसतं. आधी खालचं झाकण काढलं, त्याला ते डी पॅनल म्हणतात. मग बॅटरी काढली, पंखा काढला, वायफायच्या तारा सोडवल्या, मग मदरबोर्ड अख्खा उचलून बाजूला ठेवला. तेव्हा कुठे कीबोर्डची पाठ दिसली. आपण हात टेकतो ते वरचं आवरण, म्हणजे सी पॅनल, त्याला आतून प्लॅस्टिकचे बारीक खुंट असतात, कीबोर्डच्या पत्र्याला भोकं असतात, पत्रा त्या खुंटांवर बसवतात आणि प्रत्येक खुंटाचं डोकं वितळवून चपटं करतात, झाला रिव्हेट. आम्ही दोघांनी मोजले, 74 होते. स्क्रू एकही नाही. दादा म्हणाले, "ताई, हे काढायला बनवलेलंच नाहीये, बसवायला बनवलंय."

मला माझा 2011 चा लॅपटॉप आठवला. त्याला उलटा केला की खाली पाच स्क्रूंवर कीबोर्डची छोटीशी खूण कोरलेली होती. ते पाच काढायचे, पुढून हलकं ढकललं की कीबोर्ड वर यायचा, एक रिबन, म्हणजे चपटी तार सोडवायची, नवीन कीबोर्ड लावायचा. त्याचं स्पेसबार गेलं तेव्हा याच दुकानात दहा मिनिटांत, 650 रुपयांत काम झालं होतं, आणि मी त्याच दुपारी घरी येऊन कामाला बसले होते. त्याच्याही आधी मी टायपिंग शिकले ती गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर. गोदरेजने 1955 पासून आपल्या देशात टाइपरायटर बनवले आणि 2009 मध्ये बंद केले. आमच्या क्लासमध्ये मेकॅनिक यायचे तेल आणि पेचकस घेऊन, एखाद्या अक्षराची दांडी अडकत असेल तर तेवढीच सरळ करून जायचे, बाकी मशीनला हातही लावायचे नाहीत.

हे असं का झालं? पातळपणासाठी, मुख्य म्हणजे. कीबोर्डला वेगळी चौकट आणि स्क्रू द्यायचे म्हणजे थोडी जाडी वाढते, आणि दुकानात लॅपटॉप विकला जातो तो कडेने किती पातळ दिसतो यावर. शिवाय कारखान्यात चौऱ्याहत्तर खुंट मशीन एका दमात वितळवतं, स्क्रू एकेक फिरवावे लागतात. म्हणजे त्यांचा वेळ आणि पैसा वाचतो, आणि तोच पैसा पुढे कधीतरी आपण भरतो. मला राग येतो तो याचा.

या सगळ्याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण ॲपलचं आहे, आणि ते सगळं जाहीर आहे म्हणून नाव घेऊन सांगते. 2015 मध्ये त्यांनी 12 इंची मॅकबुक आणलं. साध्या लॅपटॉपच्या बटणाखाली कात्रीसारखी फुलीची बिजागरी असते, त्यांनी ती काढून फुलपाखराच्या पंखांसारखी बिजागरी बसवली, तिचं नावच बटरफ्लाय. आधीपेक्षा 40 टक्के पातळ, असं तेव्हा सांगितलं. बटण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच खाली जायचं. इतकी कमी जागा की धुळीचा एक कण आत गेला तरी बटण अडकायचं, नाहीतर एकाचे दोन उमटायचे. कंपनीने उपाय काय सांगितला, तर लॅपटॉप 75 अंशांत तिरपा धरा आणि दाबाची हवा नागमोडी फवारा. रोज कामाला बसणाऱ्या माणसाने हे करायचं! लोक चिडले, 2018 च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात खटला दाखल झाला, जूनमध्ये कंपनीने विकल्यापासून चार वर्षांपर्यंत फुकट दुरुस्तीची योजना काढली, पण फुकट काय बसवून मिळायचं, तर पुन्हा तोच बटरफ्लाय. मध्ये सिलिकॉनचा पातळ पडदा घालून पाहिला, मग मटेरियल बदलून पाहिलं. शेवटी 2019 च्या नोव्हेंबरमध्ये 16 इंची मॅकबुक प्रो आला त्यात कात्रीची बिजागरी परत आली, बटण एक मिलिमीटर खाली जायला लागलं, आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. पुढे 2022 मध्ये 5 कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्यात ज्यांना दोन किंवा जास्त वेळा टॉप केस, म्हणजे कीबोर्डसकट वरचं आवरण बदलावं लागलं त्यांना जास्तीत जास्त 395 डॉलर, आणि तेही अमेरिकेतल्या फक्त सात राज्यांमधल्या ग्राहकांना. इथे मुंबई-पुण्यात तोच लॅपटॉप पैसे मोजून घेतलेल्यांचा त्या पैशावर काहीच हक्क नव्हता.

त्या काळात, 2019 मध्ये, वॉल स्ट्रीट जर्नल या अमेरिकेतल्या वर्तमानपत्राच्या जोआना स्टर्न यांनी अख्खा लेख ई आणि आर ही अक्षरं गाळून छापला होता, कारण त्यांच्या लॅपटॉपवर तीच बटणं धड चालत नव्हती. मी तो वाचला तेव्हा पहिल्यांदा काय मनात आलं माहितीये का, ई म्हणजे आपला काना आणि आर म्हणजे आपली दुसरी वेलांटी. इंग्रजीत ई हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं अक्षर, आणि आपल्याकडे काना, आणि दोन्ही एकाच बटणावर आलेत.

इनस्क्रिप्टची मांडणी 1986 ची आहे, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेली, आणि तिच्यात मोठं शहाणपण आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे हात आळीपाळीने चालतात, लय लागते. पण त्याचा एक अर्थ असाही की सगळे काने, मात्रा, वेलांट्या, उकार डावीकडच्या थोड्याच बटणांवर येतात. माझ्या कुठल्याही लॅपटॉपवर बघा, ई आणि डी ही दोन बटणं झिजून गुळगुळीत चमकतात. डीवर हलन्त आहे, म्हणजे पाय मोडायचा. तो गेला की प्रकाशचा परकाश होतो आणि जोडाक्षर नावाचा प्रकारच संपतो. एकेका बटणावर भाषेचा एवढा भार असतो, आणि ते बटण एकट्याने बदलता येत नाही.

त्यात अजून एक गोष्ट. बटणाखाली रबराची छोटी वाटी असते आणि तिच्याखाली प्लॅस्टिकचे पातळ थर, त्यावर चांदीच्या शाईच्या रेषा छापलेल्या. दाबलं की वरची रेष खालच्या रेषेला टेकते. प्रत्येक बटणाला स्वतःची तार नसते, उभ्याआडव्या रेषांची जाळी असते, त्यामुळे एका रेषेला दमटपणाने गंज धरला की त्या रेषेवरची चार-पाच बटणं एकदम मरतात. आणि दमटपणा आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनासुद्धा सुटत नाही.

मांडणीबद्दल बोलायला लागले तर वेळ पुरणार नाही. वर-खाली जायचे बाण अर्धे कापून एका बटणाच्या जागेत दोन कोंबलेले. चालू-बंद करायचं बटण कीबोर्डमध्येच, डिलीटला चिकटून. 2024 पासून बऱ्याच लॅपटॉपांवर उजवा कंट्रोल काढून त्या जागी कोपायलटचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाचं बटण बसवायला लागलेत, विंडोजच्या कीबोर्डवर जवळजवळ 30 वर्षांत झालेला हा पहिला मोठा बदल असं मायक्रोसॉफ्ट म्हणतं, आणि ते आणताना जे रोज उजवा कंट्रोल वापरतात त्यांचं काय, हे कोणी विचारलेलं दिसत नाही.

करता येत नाही असं मात्र नाहीये, आणि हे मला ठासून सांगायचंय. अमेरिकेत फ्रेमवर्क नावाची कंपनी 2021 पासून असा लॅपटॉप विकते की ज्याचा कीबोर्ड सुटा विकत मिळतो आणि घरी बसून बदलता येतो, आणि तो लॅपटॉप काही जाडजूड नाहीये. जुन्या थिंकपॅड लॅपटॉपांमध्ये तर कीबोर्डवर सांडलेलं पाणी खाली निघून जायला भोकं ठेवलेली असायची. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या डिसेंबरमध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स हा विषय आहे, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी अशी कल्पना आहे. चांगलीच कल्पना आहे. पण पार्टच जर सिस्टीममध्ये नसेल तर माहिती कशाची देणार? म्हणून मला वाटतं की कीबोर्ड हा टायरसारखा झिजणारा भाग आहे हे आधी मान्य व्हायला हवं. टायर झिजला म्हणून कोणी गाडीचा अर्धा सांगाडा बदलायला सांगत नाही.

तर दादांनी त्या दिवशी काय केलं ते सांगते. बाजारातून सुटा कीबोर्ड मागवला, 1,400 रुपये. जुन्याचे 74 खुंट ब्लेडने तासले, नवीन पत्रा बसवला, आणि सोल्डरिंगच्या गनने उरलेली प्लॅस्टिकची डोकी एकेक करून परत वितळवली. तीन तास लागले, मजुरी 900. काही खुंट तुटले होते, तिथे गोंद लावला, त्यामुळे मधल्या भागात जी आणि एचच्या आसपास कीबोर्ड अजूनही थोडा दबतो, बोटांना ते कळतं. ते स्वतःच म्हणाले, "ताई, असं एकदाच करता येतं हां, पुढच्या वेळी खुंटच उरणार नाहीत."

आता कोणी ओळखीचं लॅपटॉप घ्यायला निघालं की मी सोबत जाते, अगदी ठाण्यापर्यंतसुद्धा. दुकानदाराला दोनच गोष्टी विचारते, हा कीबोर्ड सुटा मिळतो का आणि मिळत असेल तर किती रुपयांना, आणि तो बदलायला मदरबोर्ड काढावा लागतो का. बहुतेकांना माहीत नसतं, मग मी त्यांना कंपनीला फोन लावायला सांगते आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबते. परवा भाचीसाठी गेले होते, वीस मिनिटं थांबलो, उत्तर आलं नाही, आम्ही पुढच्या दुकानात गेलो.

त्या दिवशी लॅमिंग्टन रोडला काम झाल्यावर दादांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला, म्हणाले टाइप करून बघा. मी लिहिलं, "आमच्या घरचा कठीण काळ". सगळे काने आले. मी ती ओळ आणखी चार वेळा लिहिली, आणि मग पैसे दिले.